पेटीवाल्याचा डावा हात

प्रश्न : माझं वय ६२. आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटीची साथ करतोय. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून जवळच राहणाऱ्या एका बाईंकडे पियानो शिकायला जाऊ लागलो. आठवड्यातून एकदा, पाऊण तास. चार महिने झाले, पण अजून एक गाणं धड हातात नाही. नुसते डाव्या हाताचे पाच-पाच स्वरांचे धडे, तेही लहान मुलांच्या पुस्तकातले. फी तीन महिन्यांची आगाऊ. गणपतीत माझे दोन तास बुडाले, ते भरून दिले नाहीत की पैसे वळते केले नाहीत. आता म्हणतात, घरचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालणार नाही, आणि पुढच्या वर्षी ग्रेड एकची परीक्षा द्या. मी फसतोय का? बाई बदलू का?
– एक पेटीवाले, डोंबिवली

उत्तर : माझी शिकवणी पुण्यात, कॅम्पातल्या घरी, गेली २८ वर्षं चालू आहे. तेवढ्या वर्षांत पेटीवाले चार आले. चौघांनीही पहिल्या दिवशी उजव्या हातानं अभंग वाजवून दाखवला, आणि फर्मास वाजवला. मग मी म्हटलं, ‘आता डावा.’ चौघांचाही डावा हात आपोआप हवेत मागेपुढे हलला. भाता शोधत होता बिचारा!

तुमच्या बाईंना नेमकं हेच दिसलं असणार. पेटीत आवाज लहान-मोठा करायचं काम भात्याचं. बोटानं पट्टी नुसती उघडी ठेवायची, हवा आहे तोवर सूर चालू. पियानोत पट्टी खाली गेली की आत हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्यानंतर तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, सूर विरतच जाणार. आवाज किती मोठा निघेल हे ठरतं पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर, म्हणजे सगळा भाता आता तुमच्या दहा बोटांत आला. क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं फ्लॉरेन्समध्ये १७००च्या सुमारास हे वाद्य घडवलं तेव्हा ‘हळू आणि जोरात वाजणारं’ हीच त्याची ओळख होती. इटालियनमध्ये पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. बोलताबोलता नावातलं ‘जोरात’ गळून पडलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र ते अजून ऐकू येतं.

तेव्हा पाच स्वरांच्या धड्यांचा राग मानू नका. तुमचा उजवा हात तीस वर्षांचा आहे आणि डावा चार महिन्यांचा. त्याला बाळाचंच पुस्तक लागणार. उलट तुमच्याकडे एक कमाई अशी आहे की माझी ग्रेड पाचची मुलं हेवा करतील. गायकाचा सा बदलला की तुम्ही काळी दोनवरून पांढरी पाचवर विचार न करता जाता. त्यांना तीच चीज दुसऱ्या पट्टीत मागितली तर घाम फुटतो.

आता बाईंची पारख. पाऊण तासात पियानो कुणी शिकत नाही. पुढच्या सहा दिवसांत घरी काय करायचं, ते तिथे ठरतं. म्हणून तुमची वही उघडा. त्यात ‘पान १२ करून या’ एवढंच असेल तर शिकवणी ढिली आहे. ‘डावा हात एकटा, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चौथं बोट ताठ होतंय, त्यासाठी पहिल्या दोन ओळी रोज दहा मिनिटं’ असं काही असेल, तर या बाई सोडू नका. आणि पुढच्या तासाला त्यांनी आधी तेच ऐकून घेतलं पाहिजे. हे होत नसेल तर मात्र बदला, आगाऊ फी संपेपर्यंत थांबून.

गाण्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. चार महिन्यांत तोंडाला चव म्हणून तरी काही हवं होतं. मी पेटीवाल्यांना दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या आवडीचा अभंग घेऊ देते. उजव्यात चाल, डाव्यात फक्त सा आणि प, तेही तालाच्या समेवर आणि खालीच्या मात्रेवर. सोपं वाटतं ना? दोन्ही हात एकत्र करून बघा, घरचे हसतील. बाईंना सरळ सांगा, ‘मला हे वाजवायचंय, डाव्या हाताचं काहीतरी बसवून द्या.’ एकट्यादुकट्याच्या शिकवणीचा फायदा तोच. क्लासचा ठरलेला अभ्यासक्रम तुमच्यासाठी वाकत नाही, घरी शिकवणारी बाई वाकू शकते. पण मागावं लागतं. आम्हाला मनातलं ऐकू येत नाही.

बुडालेल्या तासांत चूक दोघांची. तुम्ही फी देता ती शिकवण्याइतकीच बुधवारी सहा ते पावणेसात या जागेचीही असते. तुम्ही मोदक खात होतात तेव्हा ती जागा रिकामी होती, आणि तेवढ्यासाठी दुसरं कुणी येत नाही. मी सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक बुडलेला तास भरून द्यायचे. एका मे महिन्यात निम्मी मुलं गावाला गेली आणि जून-जुलैत माझा एकही रविवार उरला नाही. तेव्हापासून नियम लिहून देते : आदल्या दिवशी कळवलं तर महिन्यात एक तास भरून मिळेल, न कळवता बुडाला तर गेला, मी सुट्टी घेतली तर तो तास माझ्याकडे उधार, आणि गणपती-दिवाळीचे आठवडे आधीच वजा. तुमच्या बाईंनी असलं काही आधी सांगितलं नसेल तर ती त्यांची चूक. भांडू नका, पुढच्या तिमाहीच्या फीआधी एका कागदावर लिहून मागा. द्यायला कुरकुर करतात का, त्यावरूनही बरंच कळेल.

कीबोर्डबद्दल बाईंचं बरोबर आहे. हलक्या पट्ट्यांवर तयार झालेलं बोट खऱ्या पियानोवर लुळं पडतं. पण जुन्या लाकडी पियानोच्या मोहात पडू नका. दोनशेवर तारा, वर्षातून दोनदा सूर लावणं, आणि तुमच्याकडची दमट हवा. माझ्या पियानोच्या पोटात पावसाळाभर ओल जायला छोटा बल्ब जळत असतो, तरी ऑगस्टमध्ये दोन पट्ट्या फुगून अडकतातच. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, वापरलेला चालेल. घेताना एकच पट्टी अगदी हळू आणि मग झटकन दाबून बघा, आवाजात फरक पडला पाहिजे. पेडल सोबत हवंच. बैठक अशी की कोपर पट्ट्यांच्या उंचीला येईल. मांडी घालून बसायची सवय असल्यानं पहिले काही दिवस पाठ कुरकुरेल.

परीक्षा? लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाची प्रॅक्टिकल परीक्षा असेल तर तीन रचना, स्केल्स म्हणजे आरोह-अवरोह, आधी न पाहिलेलं पान वाचून वाजवणं, आणि कानाची चाचणी, दीडशेपैकी शंभरला पास. ठरलेल्या तारखेशिवाय ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी चांगली सोय आहे. तुमचा चालतो. ‘नाही’ म्हणा, मोकळेपणानं.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. पियानोच्या बाई म्हणतात, आईनं तासाला आत बसायचं नाही. पटत नाही.
– एक आई, नाशिक

उत्तर : आत आई असली की मूल दर दोन ओळींनी तिच्याकडे बघतं, हे खरं. पण दार उघडं आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत, एवढं तरी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याला नकार मिळाला तर दुसरी शिकवणी शोधा. शेवटची पाच मिनिटं आत जाऊन घरचा अभ्यास समजून घ्या, कारण रोज शेजारी तुम्हीच बसणार आहात. आणि तिचे पाय जमिनीला टेकत नसतील. लोंबकळत्या पायांनी खांदे आखडतात. घरातला एखादा पाट पायाखाली द्या, एक कमी पडला तर दोन.