ताळेबंदाला टाळे लावू नका

प्रश्न असा आला आहे: "मुलगी अकरावी वाणिज्यला आहे. वर्षअखेरीला वह्यांना टाळे लागते, म्हणून शेवटच्या पत्रकाला ताळेबंद (बॅलन्स शीट) म्हणतात, असे तिला पुस्तपालनाच्या शिकवणीत सांगितले. हे खरे का? आणि खात्याची डावी बाजू नावे (डेबिट) आणि उजवी जमा (क्रेडिट) असते, तर ताळेबंदात डावीकडे देणी कशी?"

खरे नाही. हा घोळ त्या एका शिकवणीपुरताही नाही. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सूचनेत गेली तीन वर्षे "टाळेबंद मंजूर करणे" असा विषय येतो. 2020 पासून टाळेबंदी हा शब्द लोकांच्या बोटांत असा बसला आहे की 'ता' लिहायला जावे आणि 'टा' उमटावा. मी दर वर्षी दुरुस्ती करून देतो, पुढच्या वर्षी पुन्हा टाळे हजर. मालकाने कारखाना बंद ठेवला तर ती टाळेबंदी. ताळेबंदाचा कुलपाशी, किल्लीशी, दाराशी काही संबंध नाही.

व्युत्पत्तीकडे नंतर वळू. आधी हिशेबाच्याच बाजूने पाहा, कारण कुलूपवाल्यांचे म्हणणे तिथेच कोसळते. वर्षअखेरीला वह्यांतली काही खाती बंद होतात, हे खरे. पण कोणती? भाडे, पगार, विमा, खरेदी, विक्री. पाठ्यपुस्तक ज्यांना नामधारी खाती म्हणते ती. त्यांच्या रकमा व्यापारी खात्याला किंवा नफा-तोटा खात्याला वर्ग होतात आणि 1 एप्रिलला त्यांची पाटी कोरी असते. रोख, माल, फर्निचर, ऋणको (ज्यांच्याकडून येणे), धनको (ज्यांचे देणे), भांडवल ही खाती मात्र बंद होत नाहीत. त्यांची शिल्लक पुढे नेतात, नव्या वर्षात खाली आणतात, आणि खाते चालू राहते. ताळेबंदात जातात ती हीच, उघडी राहिलेली खाती. जे बंद झाले ते ताळेबंदापर्यंत पोचतच नाही. त्याचा नफा किंवा तोटा तेवढा भांडवलात मिसळून येतो. म्हणजे कुलूपवाल्यांनी अर्थ नेमका उलटा केला आहे.

वह्या-पुस्तकांचे एक लहान दुकान घ्या. 31 मार्चला गल्ल्यात रोख 8,000, शिल्लक माल 32,000, गिऱ्हाइकांकडून येणे 5,000, फर्निचर 10,000. एकूण 55,000. समोरच्या बाजूला मालकाचे भांडवल 40,000, त्यात वर्षाचा नफा 4,000 मिळवला, घरासाठी केलेली उचल 2,000 वजा केली, राहिले 42,000. घाऊक व्यापाऱ्याचे देणे 13,000. तेही 55,000. दुकानाचे वर्षाचे भाडे यात कुठे दिसते? कुठेच नाही. ते बंद झाले.

याच ओघात आणखी एक चूक सांगून टाकतो. "वर्षाचा ताळेबंद" म्हणू नये. वर्षाचे असते ते नफा-तोटा पत्रक. ताळेबंद एका दिवसाचा: 31 मार्च 2025 रोजीचा. 1 एप्रिलला सकाळी पहिली वही विकली की तो जुना झाला.

आता शब्द. यातले 'ताळे' हे 'ताळा' या शब्दाचे समासात येणारे रूप, आणि ताळा म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही याची परीक्षा. ज्यांच्या शाळेत गुरुजींनी नवाचा ताळा घ्यायला लावला त्यांना हे सांगावे लागत नाही. आताच्या मुलांना तो कोणी शिकवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. 47 गुणिले 23 किती? 1081. बरोबर का? 47 चे अंक मिळवा: 11, म्हणजे 2. 23 चे 5. दोन पंचे दहा, म्हणजे 1. आता उत्तराचे अंक: 1, 0, 8, 1 मिळून 10, म्हणजे 1. दोन्हीकडे 1 आला, ताळा पडला. पुन्हा सगळा गुणाकार करण्याची गरज नाही.

पण ताळा पडला म्हणजे उत्तर बरोबरच, असे नाही, आणि वाणिज्यच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. घाईत 1081 ऐवजी 1801 लिहिले असते तर? अंक तेच, बेरीज तीच, ताळा तरीही पडला असता. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही, कारण तिच्यामुळे पडणाऱ्या फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. 1801 वजा 1081, 720. नऊ ऐंशी सातशे वीस.

आणि हाच 9 तेरीज पत्रकात, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलका समोरासमोर मांडून जुळवतात त्या पत्रकात, मदतीला धावून येतो. खतावणी करताना, म्हणजे नोंदी खात्यांत उतरवताना, 5,400 च्या जागी 4,500 पडले तर तेरजेच्या दोन बाजूंत 900 चा फरक राहील. तेरीज जुळत नसेल तर फरकाला 9 ने भागून पाहा. भाग गेला, तर बहुधा कुठेतरी अंक उलटे पडले आहेत. तसे नसेल तर फरक निम्मा करा आणि तेवढी रक्कम शोधा, कारण नावे टाकायचे 600 जमा टाकले गेले तर फरक 1,200 चा पडतो. मी एका पतसंस्थेत बरीच वर्षे मार्चअखेरीच्या रात्री काढल्या आहेत. त्या रात्रींत या दोन युक्त्यांनी जितक्या चुका सापडल्या तितक्या पहिल्यापासून पुन्हा बेरजा मारून सापडल्या नाहीत. कच्च्या परीक्षेतून निसटणारी चूक पक्क्या परीक्षेत आपला माग ठेवून जाते. मात्र व्यवहार मुळातच लिहायचा राहिला, किंवा फर्निचरची खरेदी दुरुस्ती खर्चात घातली, तर तेरीजही जुळते आणि ताळेबंदही. त्याला दुसरी परीक्षा नाही. पावत्या काढून बसावे लागते.

तर ताळा. या शब्दाचे गोत केवढे पसरले आहे पाहा. ताळमेळ बसतो, ताळतंत्र सुटते, माणूस ताळ्यावर येतो. यातल्या एकाही ठिकाणी कुलूप घालून पाहा, अर्थ लागत नाही. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पडताळा. कागदपत्रांची पडताळणी, जातपडताळणी, मतदारयाद्यांची पडताळणी. रोज वापरतो आणि त्यात ताळा आहे हे विसरतो.

हा माझा सर्वांत आवडता शब्द आहे, म्हणून जरा थांबतो. मराठीत शब्दाच्या आरंभी येणारे 'पड' हे अनेकदा संस्कृत 'प्रति' असते. पडसाद म्हणजे प्रतिशब्द, एका आवाजाला दुसरीकडून आलेले उत्तर. मग पडताळा म्हणजे प्रति-ताळा. आणि ताळा? माझे मत असे की तो 'ताल' या शब्दातून आला. तल म्हणजे तळवा, ताल म्हणजे तळव्यांनी वाजवलेली टाळी, आणि त्यावरून गाण्याबजावण्यातला ताल. वारकऱ्याच्या हातातला टाळ आणि आपली टाळी याच घरातले. दोन तळवे समोरासमोर येतात, एकमेकांवर नेमके बसतात, तेव्हा आवाज होतो. एक जरा वर, एक जरा खाली असला तर फुसका. हिशेबाच्या दोन बाजू समोरासमोर आल्या, नेमक्या बसल्या, की ताळा पडला. आणि पडताळा म्हणजे पहिल्या टाळीला समोरून मिळालेली दुसरी टाळी.

द्विनोंदी पद्धती, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन बाजूंनी लिहिण्याची रीत, मुलांना कशी समजवावी म्हणून शिक्षक नियम पाठ करून घेतात: लाभ घेणारा नावे, लाभ देणारा जमा, येणारी संपत्ती नावे, जाणारी जमा, खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफे जमा. पाठ करावेत, परीक्षेत उपयोगी पडतात. पण त्याआधी वर्गात एका मुलाला उभे करून एका हाताने टाळी वाजवायला सांगावे. वाजत नाही. तसा एका बाजूने व्यवहारही लिहिला जात नाही. वहीवाल्या दुकानदाराने 500 रुपयांचा माल रोख घेतला: माल आला, रोख गेली. दोन तळवे. आपल्या म्हणीत द्विनोंदी पद्धतीचे मूळ तत्त्व बसलेले आहे, आणि ते शिकवायला आपण बाहेरून उपमा शोधत फिरतो.

यावर टाळेवाले म्हणतील, आणि म्हणतातच, की संस्कृतात ताल म्हणजे कुलूपही आहे, हिंदीतला ताला आणि आपले टाळे त्यातूनच आले. मान्य. पण मराठीने दोन्ही वेगळे ठेवले. कुलपाला 'ट' दिला, हिशेबाला 'त' दिला. कुलपाला नपुंसकलिंग दिले, ताळ्याला पुल्लिंग दिले. भाषेने इतकी काळजी घेऊन दोन ठिकाणी ठेवलेली गोष्ट आपण कळफलकावर एकत्र करावी, याला काय म्हणावे? माझ्या परिचयाचे फारसीचे एक अभ्यासक वेगळीच वाट धरतात. त्यांच्या मते खरे वजन 'बंद' या फारसी शब्दात आहे, आणि जमाबंदीसारखीच ही हिशेबाची 'बांधणी'. ताळा त्यांना दुय्यम वाटतो. त्यांच्या फारसीबद्दल मला पूर्ण आदर आहे. तेरीज, अवारजा, रोजनामा हे हिशेबी शब्द इराणी-अरबी दफ्तरांतून आले. दहाव्या शतकातल्या अरबी परिभाषाकोशात ते तिथल्या रूपांत सापडतात, हे मला त्यांनीच दाखवले. पण इथे ते चुकतात, आणि चूक व्याकरणाची आहे. क्रियेचे नाव हवे असेल तेव्हा मराठी 'बंदी' वापरते: जमाबंदी, नाकेबंदी, टाळेबंदी. सगळे स्त्रीलिंगी. ताळेबंद पुल्लिंगी आहे आणि ती क्रिया नाही, हातात धरायची वस्तू आहे. जुन्या दफ्तरांत कागदाच्या लांब पट्टीला 'बंद' म्हणत. मोडीतले पत्र संपेना की खाली दुसरा बंद जोडत. माझ्या मते ज्या बंदावर ताळा मांडला तो ताळेबंद. बांधणी नाही, बंदी नाही, ताळ्याचा कागद. बॅलन्स शीट या नावातही कागद आहेच, आणि 'बॅलन्स' आला लॅटिन 'बिलांक्स'वरून, म्हणजे दोन पारड्यांचा तराजू. त्यांनी दोन पारडी पाहिली, आपण दोन तळवे पाहिले. गुजरातीत यालाच पाकुं सरवैयुं म्हणतात आणि तेरजेला काचुं सरवैयुं. कच्चे-पक्के हा भेदही छान आहे, पण त्यात टाळीचा आवाज नाही.

डाव्या-उजव्या बाजूचा प्रश्न राहिला. ताळेबंद हे पत्रक आहे, खाते नाही. त्याला नावे बाजू नाही आणि जमा बाजूही नाही, त्यामुळे डावीकडे काय असावे हा केवळ रिवाजाचा भाग. डावीकडे भांडवल व देणी आणि उजवीकडे मालमत्ता ही मांडणी आपल्याकडे इंग्लंडच्या रिवाजातून आली. अमेरिकेत मालमत्ता डावीकडे लिहितात, आणि त्यांचाही हिशेब जुळतो. पण तुमच्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या जुन्या देशी नाम्यात, म्हणजे हिशेब लिहिण्याच्या पद्धतीत, लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहीत. पाठ्यपुस्तकातल्या खात्याच्या बरोबर उलट. दिवाळीत वहीपूजन होते ती ही वही. त्या वहीवर हात बसलेल्या दिवाणजीपुढे आजचा ताळेबंद ठेवला, तर देणी आणि भांडवल, म्हणजे सगळ्या जमा शिलका, त्याला डावीकडेच सापडतील, जिथे तो आयुष्यभर शोधत आला तिथेच. गावात एखाद्या जुन्या पेढीवर अशी वही अजून असेल तर मुलीला घेऊन जा आणि डावे पान उघडून दाखवा.