उत्तर: तोरा उघडून बोट ठेवणं आधी थांबवा

शालोम ताई. सुरतेची बदली घ्यावी की नाही हे कळावं म्हणून तुम्ही रोज रात्री डोळे मिटून तोरा (आपला यहुदी धर्मग्रंथ) उघडता, बोट ठेवता, आणि परवा त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या 14व्या अध्यायातला घराला लागलेल्या कोडाचा मजकूर आला म्हणून झोप उडाली, असं लिहिलंय. ही बोटाची सवय मलाही होती, म्हणून लिहितेय. मी कोणी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही. नियमाचा प्रश्न जाणत्याला विचारा.

त्या अध्यायातलं 34वं वचन वाचलंत का? तो नियम कनान देशातल्या घरांचा आहे. ठाण्यातल्या भिंतीला ओल आली असेल तर गच्ची बघा. शिवाय असे शकुन पाहायला त्याच पुस्तकात, 19:26 ला, मनाई आहे.

तुमच्या प्रश्नाचं वचन ‘अनुवाद’ नावाच्या, तोराच्या पाचव्या पुस्तकात आहे: गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, उघड केलेल्या आपल्या आणि आपल्या लेकरांच्या, त्या पाळण्यासाठी. हिब्रू प्रतीत ते 29:28, मराठी बायबलात 29:29. आकडे असे एकाने सरकतात, म्हणून वचन सापडलं नाही तर मागचं-पुढचं बघा. तेव्हा ‘देवाच्या मनात सुरत आहे का’ हा प्रश्न सोडा. सुरतेत कोणत्या आज्ञा पाळता येतील आणि कोणत्या मोडतील, हे मात्र शोधता येतं.

वाचन पाराशाप्रमाणे, म्हणजे तोराच्या आठवड्याला नेमलेल्या भागाप्रमाणे, करा. आठवड्याच्या पाराशाचे सात भाग असतात. रविवारी पहिला, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सातवा. रीत दोनदा हिब्रू, एकदा भाषांतर अशी आहे. हिब्रू येत नसेल तर नुसतं मराठी वाचा, पण भाग चुकवू नका.

आता माझं सगळ्यात मोठं नुकसान जिथे झालं ते सांगते. एका कार्यालयात विचारलं होतं, प्रार्थनेत देवाकडे मराठीत मागितलं तर चालेल का? उत्तर मिळालं, ‘आधी हिब्रू शिका, मग या.’ शिकवणार कोण, कुठे, कधी, ते काही नाही! परिणाम असा की मराठी अक्षरांत छापलेली तेफिल्ला (हिब्रू प्रार्थना) अर्थाशिवाय भराभरा पुटपुटणं हीच प्रार्थना वाटू लागली, आणि खरा प्रश्न मग रात्री बोटाकडे गेला. वास्तविक शेमा (देव एकच आहे असं सांगणारी तोरातली वचनं) आणि तेफिल्ला कोणत्याही भाषेत म्हणता येतात, असं तालमूद या जुन्या नियमग्रंथाच्या सोटा भागातच आहे. हिब्रूला अग्रमान आहे, मान्य. पण शेमाचं पहिलं वचन अर्थ मनात न आणता म्हटलं तर ते म्हटलंच नाही असं धरतात. त्या एका ओळीचा अर्थ आज पाठ करा, बाकी हळूहळू.

रोजच्या अमीदात, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत, 19 आशीर्वाद आहेत. चौथा समज मागण्याचा, नववा उपजीविकेचा. क्रम बघा, पगाराआधी अक्कल. तुमची बदली सोळाव्यात, ‘शोमेआ तेफिल्ला’त, शेवटच्या वाक्याआधी मराठीत मांडा. दोन-तीन वाक्यं पुरे. लांबण लावायची असेल तर अमीदाच्या शेवटी, पावलं मागे घेण्याआधी. शब्बाथच्या अमीदात सातच आशीर्वाद असतात आणि त्यात स्वतःची गाऱ्हाणी नसतात, त्या दिवशी बदलीचं नाव नको.

 

एलियाहू हन्नाबीचा मलिदा (संदेष्टा एलियाच्या नावाने करतात तो पोह्यांचा नैवेद्य) जरूर करा, पण ‘बदली रद्द झाली तर’ असा नवस नको. बोललात की फेडणं आलं.

राहिली सुरत. सगळ्यात जवळचं मोठं सिनेगॉग अहमदाबादचं मागेन अब्राहाम, म्हणजे रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या वर. शब्बाथला चालत जाणं विसरा. मिन्यान (सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा जण) आणि कोशेर, म्हणजे धर्मनियमाने चालणाऱ्या, मांसाची सोय आधी विचारून घ्या. त्याहून महत्त्वाचं, नव्या जागी शनिवार सुट्टीचा आहे का, आणि शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुटता येईल का? साहेब ‘बघू, ॲडजस्ट करू’ म्हणाले तर ते नाही असं समजा. हो म्हणाले तर बदलीच्या पत्रातच लिहून घ्या, तोंडी नको.