मेटल डिटेक्टर घेऊन बीचवर, पार्कमध्ये फिरलं तर खरंच सोनं मिळतं का? भारतात हा छंद करता येईल का?

तुम्ही विचारलंय की यूट्यूबवर लोक मशीन फिरवून अंगठ्या नि जुनी नाणी काढताना दिसतात, ते खरं असतं का, आणि आपल्याकडे सुरू करायचं तर कसं. मी मूळची रत्नागिरीची, आता बरीच वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते, आणि सात वर्षं झाली हा छंद लागून, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोनं मिळतं. पण व्हिडिओत तीन तासांची दहा मिनिटं केलेली असतात हे लक्षात घ्या. माझ्या पिशवीत एका सकाळी साधारण काय येतं सांगू, तर कोल्ड्रिंकच्या कॅनच्या रिंगा, बाटल्यांची बुचं, खिळे, मासेमारीची शिशाची वजनं, गळ, थोडी सुट्टी नाणी. चांदीची एखादी वस्तू महिन्यातून एकदा, सोनं वर्षातून एकदा-दोनदा. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून धुणारे झारेकरी असतात ना, त्यांच्याएवढी चिकाटी लागते आणि त्यांच्याइतकी खात्रीसुद्धा नसते.

मशीन काय करतं ते समजून घ्या, त्याने निम्मे पैसे वाचतील. खालच्या गोल कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असेल तर त्यात छोटे प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल परत पकडते. स्क्रीनवर नंबर येतो त्याला टार्गेट आयडी म्हणतात. आता अडचण अशी की सोन्याची अंगठी आणि कॅनची अल्युमिनियमची रिंग यांचे नंबर खूपदा एकसारखेच येतात, त्यामुळे कचरा नको म्हणून कोणी तो नंबर बंद करून ठेवला की अंगठ्याही गेल्याच. मी पहिली दोन वर्षं हेच करत होते. बीचवर तरी लोखंड सोडून सगळं खणा. दुसरं म्हणजे ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते, साधं एका फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे उगाच ओरडत राहतं, त्यासाठी मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं) किंवा पल्स इंडक्शनवालं (विजेचे छोटे झटके सोडून प्रतिसाद ऐकणारं) लागतं. कोरड्या वाळूत स्वस्तातलं चालतं. सोबत पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), जाळीचा स्कूप आणि हेडफोन, बाकी काही नको.

कधी जायचं, तर ओहोटीला. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी बुडालेली पुळण उघडी पडते. माझी आई तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची, चतुर्थीला तीनच्या सुमारास वगैरे. ते गणित कोकणातलं, इथल्या किनाऱ्याला लागू पडत नाही, पण उधाण आणि भांग (अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी) इथेही तसंच चालतं आणि मी अजून कॅलेंडरात चंद्र बघूनच दिवस ठरवते. वादळानंतर वाळू वाहून जाते तेव्हाही जावं, जड वस्तू खाली बसलेल्या असतात त्या वर दिसायला लागतात. कोरड्या वाळूत लोक टॉवेल टाकून बसतात ती जागा बघायची, कारण क्रीम लावलेली बोटं निसरडी असतात, आणि गार पाण्याने बोटं आकसतात म्हणून काही अंगठ्या थेट समुद्रात पडतात.

यावरूनच एक सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैत गावाच्या ग्रुपवर एका आजोबांच्या मुलीने लिहिलं होतं की बाबा कुत्र्याला चेंडू टाकत होते आणि लग्नाची अंगठी हातातून उडाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांनी दाखवलेल्या जागी दोरी लावून पट्टे पाडले, दीड तास एकही चांगला आवाज नाही, ते बिचारे प्रत्येक बुचाला उठून बघायचे. मग मी विचारलं की काल फोटो काढला होता का कोणी. होता. त्यात जेट्टीचा शेवटचा खांब मागच्या हॉटेलच्या एका खिडकीच्या बरोबर खाली दिसत होता. फोन हातात धरून तो खांब आणि ती खिडकी एका रेषेत येईपर्यंत मी सरकत गेले, तर आम्ही तीसेक फूट भलतीकडेच शोधत होतो! नव्या जागी वीस मिनिटांत मिळाली, वीतभर खोल. त्यांनी ती बोटात न घालता रुमालात बांधली आणि मुलीकडे दिली, म्हणाले आता तूच सांभाळ. माझ्याकडे आलेल्या अंगठ्यांपैकी चार अशा परत गेल्यात आणि या छंदात मला सर्वात जास्त तेच आवडतं.

पार्कचं मात्र वेगळं आहे. बीचवरचा खड्डा पुढची भरती बुजवते, हिरवळीवरचा कोणी बुजवत नाही. मी सुरुवातीला इथल्या एका पार्कात न विचारता खणलं, माळीकाकांनी थांबवलं आणि आठवड्याभरापूर्वी मी केलेला खड्डा दाखवला, गवत वाळून गोल पिवळा डाग पडला होता. मला फार वाईट वाटलं. इंग्लंडमध्ये पार्क बहुधा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मालकीचे असतात, परवानगी लागते आणि बऱ्याच कौन्सिल देत नाहीत. मिळालीच तर गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उलटायचा, माती फडक्यावर काढायची, परत भरून पायाने दाबायची. जमिनीला आपण येऊन गेल्याचं कळता कामा नये.

कायदा इथे स्पष्ट आहे. 1996 च्या ट्रेझर अॅक्टनुसार ठरावीक जुन्या सोन्याचांदीच्या वस्तू सापडल्या तर 14 दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणारा अधिकारी) कळवावं लागतं, आणि फुटलेल्या जहाजाचं काही मिळालं तर 28 दिवसांत रिसिव्हर ऑफ रेक या सरकारी अधिकाऱ्याला. बाकीच्या जुन्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे नोंदवतात, ते ऐच्छिक आहे पण मी प्रत्येक वेळी करते, कारण वस्तू कुठे सापडली हे गेलं की तिचा अर्धा इतिहास गेला. 1992 मध्ये सफोकमध्ये हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून त्याचा मित्र एरिक लॉझ डिटेक्टर घेऊन शोधायला गेला आणि सापडला रोमन काळातला खजिना, सुमारे 15 हजार नाणी, दागिने, चांदीचे चमचे. त्याने थोडं काढून हात थांबवला आणि कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना बाकीचं जागच्या जागी नीट उकरता आलं. हातोडाही मिळाला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मी नव्या माणसाला पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते. (आणि या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात सुरुंग पेरले होते, गंजलेलं नळकांडं दिसलं तर हात न लावता लांब जाऊन 999 ला फोन करायचा.)

आता भारताचं. आपल्याकडे 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, न कळवणं गुन्हा आहे आणि त्याला कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तूंचा कायदा वेगळा. आणि गड-किल्ल्यांवर, लेण्यांपाशी, जुन्या गढ्यांजवळ मशीन घेऊन कृपा करून जाऊच नका. पावसानंतर शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) वर येते म्हणून लोक टोकरत फिरतात हे ऐकलं की माझ्या जिवाला लागतं, कारण ती शिवराई कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे एकदाच वाचता येतं. गुप्तधन शोधून देतो म्हणणारे आणि शेकडो मीटरवरून सोनं दाखवणारी अँटेनावाली यंत्रं विकणारे यांच्यापासूनही लांब रहा. माझ्या चांगल्या मशीनला नाणं वीतभर, फार तर वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंतच ऐकू येतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

मग उरतं काय, तर नुकत्याच हरवलेल्या वस्तू शोधून देणं, आणि आपल्या किंवा ओळखीच्यांच्या जागेत त्यांना विचारून फिरणं. सार्वजनिक बीच असेल तर आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि पोलीस चौकीत विचारा, शक्यतो लेखी घ्या. कोकणातले असाल तर आणखी एक, आमच्या रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याची वाळू काळी आहे, लहानपणी आम्ही फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यात फिरवायचो आणि त्याला काळ्या मिशा यायच्या. त्या वाळूत आणि जांभ्याच्या मातीत लोखंडाची खनिजं इतकी असतात की साधं मशीन गोंधळतं, म्हणून घेताना ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज दाबायचं सेटिंग, हाताने सेट करता येतो का ते बघा. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणीही लोहचुंबकाला चिकटतात, म्हणून तर नाशिकला रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात, त्यामुळे लोखंड गाळायचं सेटिंग लावलंत तर तीही गाळली जाऊ शकतात.

मशीन आलं की लगेच बाहेर पडू नका. अंगणात एक रुपयाचं नाणं, जुनं पितळी बटण, कॅनची रिंग आणि एखादी साधी चांदीची अंगठी चार, आठ, बारा बोटं खोल पुरा, वर खुणेचे दगड ठेवा, आणि आठवडाभर रोज त्यावरून कॉइल फिरवून कुठला आवाज कशाचा ते वहीत लिहून काढा. अंगठी कुठे पुरली तेही त्याच वहीत लिहा.