वडिलांची 1986 ची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पार्ट्स कुठे मिळतील, आणि कोणते बदल करावेत?

आठ वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी, गिअर स्टिअरिंगला, आणि तुमची यादी तयार: डिस्क ब्रेक, फ्लोअर गिअर, एसी, अलॉय. माझ्याकडे 1984 ची पद्मिनी आहे, पुण्यात, गेली अकरा वर्षं. पहिल्या वर्षी माझीही अशीच यादी होती, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

आधी पार्ट्स. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय बाजारात जायचं नाही. मी वॉटर पंप नुसता तोंडी सांगून आणला, आणि घरी आल्यावर कळलं की पुली जिथे बसते तो मधला भाग (बॉस) जुळत नाही. दुकानदाराचीही चूक नव्हती. ही गाडी 1964 ला 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली, 1974 पासून पद्मिनी झाली आणि थेट 2000 पर्यंत बनत राहिली. एवढ्या वर्षांत बाहेरून चेहरा तोच, आतले बारकावे मात्र बदलत गेले. बॅटरी चार्ज करायला कुणाला डायनामो, कुणाला अल्टरनेटर. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "डुक्कर की डिलाइट?" डुक्कर म्हणजे त्याआधीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. तेव्हा काढलेला पार्ट पिशवीत, आणि नवा बसून हजार किलोमीटर होईपर्यंत जुना भंगारात टाकायचा नाही. नवा खराब निघाला तर टर्नरला (लेथवर पार्ट घडवणाऱ्याला) नमुना म्हणून तोच दाखवायचा असतो.

पुण्यात सुरुवात नाना पेठेतून करा. क्लच प्लेट, ब्रेकचे रबर किट, गॅस्केट, सीबी पॉइंट (इग्निशनचे, ठिणगी पाडणारे), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) हे अजून मिळतं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण यादी घेऊन जाऊ नका, नशीब घेऊन जा. मला तिथे डॅशबोर्डचं घड्याळ मिळालं, जे मी शोधत नव्हतो. मुंबईत नव्या मालासाठी ऑपेरा हाऊसचा भाग आणि सेकंडहँडसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. मुंबईत ही गाडी काळी-पिवळी म्हणून हजारोंनी धावली, म्हणून इतकी वर्षं दुकानांत माल होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 ला उतरली. आता रोजचं गिऱ्हाईक नाही. दुकानदार जुना साठा संपवतोय, नवा भरत नाही. लवकर झिजणारं जे काही डब्यातलं जुनं, कंपनीच्या शिक्क्याचं दिसेल, ते दोन जोड घेऊन ठेवा.

डुप्लिकेट माल कुठे चालतो आणि कुठे नाही, हे मला पैसे घालवून कळलं. दिव्याची काच, हँडल, आरसा डुप्लिकेट चालतो. ब्रेकचे रबर आणि होज कधीच नाही. माझ्या व्हील सिलिंडरचे स्वस्तातले रबर चार महिन्यांत फुगले आणि वरंध घाट उतरताना पेडल जमिनीला लागलं. हँडब्रेक आणि पहिल्या गिअरवर खाली आलो. बायको शेजारी होती, तिने आजवर त्यावर एक शब्द काढलेला नाही, पण घाट म्हटलं की ती एसटीने येते.

काचेच्या रबरांचा वेगळाच ताप. इथली रबरं कडक, दोन पावसाळ्यांत भेगाळतात. इटलीत फियाट 1100 डी चे, म्हणजे आपल्या गाडीच्या मूळ इटालियन मॉडेलचे, शौकीन अजून आहेत आणि तिथले विक्रेते त्या गाडीची रबरं, गॅस्केटं विकतात. बॉडी तीच, त्यामुळे बसतं. कस्टम धरून महाग पडतं, पण पुढच्या काचेपुरतं करा, कारण तिथून गळलेलं पाणी थेट पायाखालच्या पत्र्यात मुरतं. स्टिअरिंगचं सामान मात्र तिथून मागवू नका, त्यांचं डावीकडे असतं.

पत्रा आता, म्हणजे पैसे खर्च करण्याआधी तपासा. मॅट उचला, जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, डिकीत स्पेअर व्हीलखाली बघा. वरून लांबी (पुट्टी) मारून रंग दिलेली गाडी छान दिसते. तसा कारागीर नको, पत्रा कापून नवा तुकडा जोडणारा डेंटर शोधा. तो इंजिनच्या मिस्त्रीपेक्षा दुर्मीळ आहे.

उभ्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका. टाकी उतरवून धुवा, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या डायफ्रामला (आतल्या पडद्याला) ते मानवत नाही. इथेनॉल सोसणारी नळी मागा. एप्रिल-मेमध्ये ट्रॅफिकमध्ये तापून बंद पडली तर घाबरू नका, त्याच पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. टॅक्सीवाल्यांचा हा उपाय अजून चालतो.

आता बदल. 1089 सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). या गाडीला ताकद वाढवून काही मिळत नाही. मी केलेले आणि पटलेले बदल असे: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन (जुना डिस्ट्रिब्यूटर जपून ठेवला आहे), डायनामोच्या जागी अल्टरनेटर, आणि हेडलाइटला रिले (दिव्याचा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारा). शेवटचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त कामाचा. मूळ वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरतो, म्हणून प्रकाश पिवळा पडतो. रेडियल टायरही घाला, पण मूळ चौदा इंची रिमवरच. रुंद अलॉयने स्टिअरिंग जड होतं आणि किंगपिन लवकर जातात.

डिस्क ब्रेक वाईट नाही, पण आधी ड्रम नीट करून महिनाभर चालवा. लायनिंग, सिलिंडर, नळ्या नव्या असतील तर ही गाडी थांबते. पेडलचा दाब चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर एकेरी निघाला, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाणार, तर पैसे डिस्कऐवजी दुहेरी मास्टर सिलिंडरवर घाला. फ्लोअर गिअर शेवटच्या काही पद्मिनींना कंपनीतूनच येत होता, त्यामुळे सामान मिळतं. तरी मी करणार नाही. स्टिअरिंगच्या गिअरची लिंकेज ढिली असते म्हणून लोक वैतागतात, बुश बदलले की तक्रार संपते. एसी नकोच.

दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि तुमच्या आरसीवर इंजिन नंबर छापलेला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी करावी लागते, तिथे ते लक्षात येतंच. व्हिंटेज नोंदणीची सवलत पन्नास वर्षांपुढच्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना आहे. तुमच्या गाडीला 2036 लागेल. नूतनीकरण चुकलं असेल तर मिस्त्रीच्या आधी आरटीओत जा.

आणि टाकी उतरवली की आतल्या गंजाचा फोटो इथेच टाका. आतून कोटिंग करायचं की नवी करून घ्यायची, ते बघूनच सांगता येईल.