‘द गर्ल विथ द लाऊडिंग व्हॉइस’चं इंग्रजी इतकं चुकीचं का? आमच्या वाचनगटाने विसाव्या पानावरच हात टेकले. कशी वाचावी?

ते मुद्दाम मोडकं ठेवलंय. आबी डारे यांच्या या कादंबरीत (2020) गोष्ट सांगते ती 14 वर्षांची अदुन्नी. नायजेरियातल्या खेड्यातली, मातृभाषा योरुबा (तिथली एक भाषा), शाळा अर्ध्यावर सुटलेली. त्यामुळे काळ एकमेकांत मिसळतात, क्रियापदांना जिथे तिथे ‘-इंग’ लागतं. ही नायजेरियन पिजिन (इंग्रजीवर आधारलेली तिथली मिश्र बोली) नव्हे. पिजिनला स्वतःचं पक्कं व्याकरण आहे. खेड्यात योरुबात विचार करणारी मुलगी तिथलीही हकिगत अशा इंग्रजीत का सांगते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण पुढे ती शिकत जाते तसं वाक्य सावरत जातं, आणि तो बदल टिपण्यात खरी मजा आहे.

पहिली तीन-चार प्रकरणं गटात मोठ्याने वाचा. डोळ्यांना खटकणारं वाक्य कानाला लगेच कळतं. शब्दकोश बाजूला ठेवा. तरीही अडलं, तर अ‍ॅजोआ अँडो यांनी वाचलेलं ऑडिओबुक ऐका.

मग पैशाचा माग काढत वाचा. आई पफ-पफ (मैद्याचे तळलेले गोड गोळे) विकून फी भरायची. ती गेली आणि फी थांबली. भाडं थकलेला बाप देज (मुलीसाठी नवऱ्याकडून घेतलेले पैसे) घेऊन अदुन्नीला म्हाताऱ्या टॅक्सीवाल्या मोरुफूला देतो, तिसरी बायको म्हणून. तिथून पळून ती लागोस या मोठ्या शहरात मोलकरीण होते, तर तिचा पगार तिच्या हाती पडतच नाही. कोफी हा घानाचा आचारी तिला मोलकरणींसाठीच्या शिष्यवृत्तीची बातमी देतो. त्यासाठी निबंध हवा आणि शिफारसही. निबंध ती लिहू शकते. मालकिणीच्या घरात डांबलेल्या मुलीची शिफारस करणार कोण? कादंबरीचा उत्तरार्ध या प्रश्नावर उभा आहे.

कायद्याची पार्श्वभूमी आधी सांगून टाका, नाहीतर चर्चा ‘तिकडे कायदाच नाही’वर अडकते. नायजेरियाच्या 2003 च्या बालहक्क कायद्यात लग्नाचं वय 18 आहे, पण तो प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे स्वीकारावा लागतो. 2004 च्या कायद्याने 9 वर्षांचं शिक्षण (प्राथमिक 6, कनिष्ठ माध्यमिक 3) मोफत आणि सक्तीचं केलं. मोफत असूनही गणवेश, वह्या-पुस्तकं असा खर्च घरावर पडतोच.

लागोसच्या भागात प्रकरणांच्या सुरुवातीला नायजेरियाविषयी एकेक माहितीची ओळ येते. ती गाळू नका. मालकिणीच्या घरातल्या ग्रंथालयात अदुन्नीला सापडलेल्या पुस्तकातली आहे ती.

तीन बैठका पुरतात: गाव सुटेपर्यंत, शेजारीण तिया भेटून इंग्रजी शिकवू लागेपर्यंत, आणि उरलेलं. लग्नानंतरच्या प्रकरणांत बलात्कार आणि गर्भारपणातला मृत्यू आहे, पुढे मारहाणही. गटात शाळकरी मुली असतील तर त्यांच्या आयांनी ती पानं आधी स्वतः वाचावीत.