६८ नंबरचं ऑईल आणि द्रासची थंडी

प्रश्न : आमचा बॅकहो लोडर (जेसीबीसारखं खोदाईचं मशीन) साताऱ्याहून ट्रेलरवर लडाखमधल्या द्रासला नेला आहे. सकाळी इंजिन लागतं, पण हायड्रॉलिक पंप घरघरतो आणि बूम (खोदाईचा मोठा हात) रडतखडत उठतो. गेल्या आठवड्यात बकेटच्या सिलिंडरचं सील फाटलं. पंप बदलावा का? (एक ठेकेदार, सातारा)

उत्तर : पंपाला हात लावण्याआधी टाकीत कोणतं ऑईल आहे ते विचारा. साताऱ्यात भरलेलं असेल तर बहुधा ६८ नंबरचं. हा नंबर म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ऑईलचा घट्टपणा, सेंटिस्टोक या एककात. आकडा जितका मोठा तितकं ऑईल घट्ट. तेच साधं ऑईल शून्य अंशाला हजाराच्या आसपास जातं आणि उणे २० ला नऊ हजारांच्या घरात, म्हणजे थिजलेली काकवीच. बहुतेक पंपांची थंड स्टार्टची मर्यादा हजार ते दीड हजार असते. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात बघा. एवढं घट्ट ऑईल सक्शन पाइपातून वर येत नाही. पंपाच्या तोंडाशी पोकळी होते, बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूचे कण उडवतात. घरघर त्याचीच. वर रिटर्न फिल्टरचा बायपास उघडतो, म्हणजे ते कण न गाळताच परत फिरतात. आज पंप बदललात तर नवाही याच वाटेने जाईल.

३२ नंबरचं मल्टिग्रेड, म्हणजे थंडीत साध्यापेक्षा कमी घट्ट होणारं, हायड्रॉलिक ऑईल घ्या. उणे २० ला ते हजार-अकराशेच्या आसपास राहतं. साधं ३२ मात्र दोन हजारांवर जातं, म्हणून ‘मल्टिग्रेड’ हा शब्द महत्त्वाचा. बदलताना दुपारी मशीन चालवून ऑईल कोमट करा, सिलिंडर आत घ्या, टाकी रिकामी करा, सक्शनची जाळी धुवा, रिटर्न फिल्टर नवा लावा. सिलिंडर आणि होजमध्ये बरंच जुनं ऑईल उरतं. त्यामुळे एकदा भरून, सगळे लिव्हर फिरवून, पुन्हा काढून भरणं खर्चिक असलं तरी पंपापेक्षा स्वस्तच. उन्हाळ्यात मशीन खाली आणलं की पुन्हा जाड ऑईल भरायला विसरू नका. गिअर आणि ॲक्सलचं ऑईल वेगळं असतं, ते पुस्तकाप्रमाणे बदला.

ऑईल बदललं तरी सकाळची घाई नको. इंजिन पाच-दहा मिनिटं आयडलवर, मग हजार-बाराशे आरपीएमवर. बकेट, बूम, स्टॅबिलायझर (टेकूचे पाय) एकेक करून आधी अर्धा स्ट्रोक, मग पूर्ण. टाकी हाताला कोमट लागेपर्यंत दगड उचलू नका. सील फाटण्याचं कारण बहुधा सिलिंडरच्या रॉडवरचा बर्फ असतो. कडक झालेल्या रबरावरून तो बर्फ आत ओढला जातो आणि सुरीसारखा कापतो. संध्याकाळी शक्य तितके सिलिंडर आत घेऊन ठेवा, उघडे रॉड कापडाने पुसा, बकेट लाकडी फळीवर टेकवा. जमिनीवर टेकवली तर सकाळी चिकटलेली असते आणि थंड पंपावर पहिलाच जोर तिला सोडवण्याचा येतो.

प्रश्न : लेहमध्ये आमचा डिझेल टिपर सकाळी लागतो, दहा मिनिटांत दम टाकून बंद पडतो. मिस्त्री डिझेलमध्ये रॉकेल घाल म्हणतो. (चालक, लेह)

उत्तर : इंजिन लागतं याचा अर्थ डिझेल फवारणारं नोझल आणि सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) ठीक आहेत. डिझेलमधलं मेण फिल्टरच्या कागदावर साचतं आणि दम कोंडतो. आपल्या मानकानुसार साध्या हिवाळी डिझेलला ३ अंशापर्यंतच वाहतं राहणं बंधनकारक आहे. इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ पर्यंत वाहतं, तेच भरा. खालून टाकीत आलेलं डिझेल आधी संपवा किंवा काढा. त्यात थोडं चांगलं मिसळून भागत नाही.

बंद पडलेल्या गाडीचा फिल्टर बदला, नव्यात हिवाळी डिझेल भरा, हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या पंपाने) एअर काढा. जुनाच वापरायचा तर गरम पाण्याचा फडका गुंडाळा. टाकीखाली स्टोव्ह नको. रॉकेलाने डिझेलचा वंगणगुण कमी होतो, कॉमन रेल (उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचा पंप घासतो, शिवाय भेसळ हा गुन्हाच आहे. पेट्रोल तर त्याहून वाईट. मेण न धरू देणारं ॲडिटिव्ह मेण धरण्याआधीच टाकावं लागतं, नंतर उपयोग नाही. रात्री टाकी भरलेली ठेवा, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधलं पाणी रोज काढा.

प्रश्न : रेडिएटरमध्ये पाणी न घालता निव्वळ कूलंट भरलं तर जास्त सुरक्षित ना?

उत्तर : उलट. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. पाण्यात निम्मं मिसळलं की उणे ३७ पर्यंत टिकतं, ६० टक्के केलं तर उणे ५० च्याही खाली. डिस्टिल्ड पाणी वापरा.

प्रश्न : सेल मारायला बॅटरी कमी पडते. ईथरचा स्प्रे मारू का?

उत्तर : ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर (स्टार्टआधी इंजिन किंवा आत जाणारी हवा तापवणारे) असलेल्या इंजिनात मुळीच नाही, तापलेल्या तारेवर ईथर भडकतो. चार्ज केलेली बॅटरीही उणे १८ ला निम्म्याहून कमी जोर देते, तर उतरलेल्या बॅटरीचं पाणी उणे १० च्या आसपासच गोठून केस फोडतं. रात्री बॅटरी काढून खोलीत ठेवा. इंजिन ऑईल १५डब्ल्यू-४० असेल तर ५डब्ल्यू-४० करा (पहिला आकडा कमी म्हणजे थंडीत पातळ), सेलवरचा भार तिथेच सर्वांत जास्त हलका होतो.