क्लासिक फँटसी कादंबऱ्यांची हार्डकव्हर आवृत्ती घेताना काय पाहावं?

तुम्हाला निवांत धरून वाचता येईल आणि टिकेल अशी आवृत्ती हवी आहे. मग सगळ्यात आधी पुस्तकाची पाठ, म्हणजे पानं जिथे जोडलेली असतात ती कड, बघा. सोनेरी कडा, कातड्यासारखं कव्हर, रेशमी रिबन, हे सगळं नंतर.

माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, मला वाढदिवसाला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची एकखंडी आवृत्ती दिली होती. हजारावर पानं, दिसायला देखणी. मी हरखून गेले. पण हेल्म्स डीपच्या लढाईपाशी, म्हणजे जवळजवळ मधोमध, पाठीतून कट्ट आवाज आला आणि आठवड्याभरात चार पानं सुटून हातात आली. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “तुला पुस्तकं हाताळताच येत नाहीत.” मी ते कधी पालथं ठेवलं नव्हतं, पान दुमडलं नव्हतं. मांडीवर उशी घेऊन दोन्ही हातांनी धरून वाचत होते. पण ते वाक्य मला चिकटलं ते चिकटलंच. पुढे कितीतरी वर्षं घरात कुणीही मला पुस्तक देताना “जपून हं” म्हणायचं. शाळेपासून प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालणाऱ्या मुलीला!

शेवटी मी ते एका वयस्कर बाइंडरकडे नेलं. त्यांनी पाठीवरचं आवरण सोडवून दाखवलं. आत एकही दोरा नव्हता. सुटी पानं एका रेषेत लावून वर गोंदाचा थर दिलेला, तोही कडक होऊन तडकलेला. पाठीच्या टोकाला जी रंगीत पट्टी पाहून आम्ही शिलाई समजत होतो, ती नुसती चिकटवलेली शोभा होती. मी म्हटलं, आता शिवून द्या. ते म्हणाले, कडेने टाके घालता येतील, पण आतला समास त्यात जाईल आणि पुस्तक नीट उघडणारच नाही.

तेव्हा हे पाहून घ्या. पुस्तक उघडून पाठीकडे वरून बघा. शिवलेलं असेल तर फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, घड्या छोट्या कमानींसारख्या ओळीने दिसतात, आणि फर्म्याच्या मधल्या घडीत दोरा सापडतो. सगळी कड सपाट कापलेली असेल तर ते गोंदाचं काम. मग एक पान उचलून सोडा. ते अलगद पडलं तर कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर आहे. ताठ उभं राहिलं तर धागा आडवा आहे, आणि असं पुस्तक वाचताना सतत दाबून धरावं लागतं. आतला समास इतका हवा की ओळीची शेवटची अक्षरं घडीत बुडता कामा नयेत. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत कागदापेक्षा फिकट पिवळसर, चकाकी नसलेला कागद डोळ्यांना बरा.

आणि एकखंडीचा मोह सोडा. टॉल्किनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी एकसंध लिहिली हे खरं, पण १९५४-५५मध्ये ती तीन खंडांतच आली. वाचायला तेच माप योग्य आहे. मजकुराच्या चुकांबद्दल चोखंदळ असाल, तर २००४च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत दुरुस्त केलेला मजकूर ज्यांत घेतलाय ते संच पाहा.

मी पुढे शिवलेला तीन खंडांचा संच घेतला. चार वेळा वाचून झाला, एक पान हललेलं नाही. दादाला दाखवला तर म्हणाला, “बघ, आता सांभाळायला शिकलीस.” मी काहीच शिकलेले नाही. तीच मांडी, तीच उशी, तेच दोन हात. पुस्तक वाचल्यामुळे फुटत असेल तर दोष बनवणाऱ्याचा असतो, हे त्याने अजून कबूल केलेलं नाही. तुमच्यावरही असा आळ आला असेल तर पाठ उघडून दाखवा.

हो, एक राहिलं. गोंदाचं प्रत्येक पुस्तक वाईटच असं नाही. पीयूआर नावाचा गोंद बराच लवचिक असतो, आणि दोनेकशे पानांच्या पुस्तकाला तो पुरतो. अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ एवढंच लहान आहे, सुटं घेतलंत तर एका हातात मावेल. चार्ल्स वेसच्या चित्रांचा २०१८चा अर्थसी मालिकेचा एकत्रित खंड फार सुंदर आहे, पण तो टेबलावर ठेवूनच वाचावा लागतो. झोपून वाचायची सवय असेल तर तो घेऊ नका.